शून्यावर बसतं का?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण नोकरी-धंद्यातल्या माणसांचा बाजार रविवारचाच. मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाच्या आसपास सकाळीच रस्त्याच्या कडेनं पथाऱ्या पडायला लागतात. कुणाची ताडपत्री, कुणाची जुनी चादर, कुणाचा नुसता फ्लेक्स. त्यावर गोणी उपडी करायची आणि उकिडवं बसून माल लावत राहायचं. मामांचं म्हणणं असं, की गोणी उपडी होत असतानाच आपण तिथं उभं असावं. शौकीन मंडळी नाश्ता करून येतात आणि मग भाव चढतात.

मामा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गॅलरीत बाकाला व्हाइस बसवला, आणि मामींनी कपडे वाळत घालण्याची जागा बदलली. बाजारात आमची वाटणी ठरलेली आहे. लोखंड त्यांचं, तांबं-पितळ माझं. त्यांच्या खिशात एक भिंग असतं, कोऱ्या कागदाची घडी असते आणि किल्ल्यांच्या जुडग्याला एक चुंबक.

त्या रविवारी ते एका मायक्रोमीटरपाशी अडकले. शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा, इंग्लंडच्या शेफिल्डचा शिक्का असलेला, डबी नव्हती. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एवढे कारखाने, एवढी छोटी वर्कशॉपं. एखादं बंद पडलं की त्यातलं सामान लिलावात जातं, तिथून भंगारात आणि भंगारातून निवडून इथं. त्यामुळं हत्यारांच्या पथाऱ्या इथं पाहाव्या तेवढ्या. ड्रिल, टॅप, डाय, कानशी, पाने, सगळं तेलकट, सगळं काळं.

मामांनी पुढं जे केलं ते बघायला दोन पोरंही थांबली. त्यांनी मायक्रोमीटरच्या जबड्यात कागद धरला, हलकेच आवळलं आणि कागद ओढून काढला, म्हणजे दोन्ही तोंडांवरची घाण निघाली. मग रॅचेट फिरवलं. टक, टक, टक. उजेडाकडं धरून फट दिसते का पाहिलं. भिंग लावून रेघ वाचली. "दोन घरं पुढं आहे," ते म्हणाले. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

"साहेब, दोन घरांनी काय बिघडतंय?" पथारीवाला म्हणाला.

"तुझं नाही बिघडत. शून्यावर आणायची किल्ली कुठाय?"

"किल्ली नाही आली."

"मग किल्लीचे पैसे वजा कर."

आठशेपासून सुरू झालेला सौदा साडेचारशेला तुटला. भवानी व्हायची होती म्हणून दिला, असं तो दोनदा म्हणाला. मामांच्या चेहऱ्यावरून मात्र त्यांनी सहाशेसुद्धा दिले असते हे मला कळत होतं, आणि मला वाटतं त्यालाही कळत असावं.

हल्ली या बाजाराला अँटिक मार्केट म्हणायची पद्धत पडली आहे. कॅमेरे घेऊन पोरं येतात, फोनच्या जुन्या चकत्यांचे आणि कंदिलांचे फोटो काढतात. मीही त्यांच्यातलीच, फक्त कॅमेरा नसतो. पण तासभर एका जागी उभं राहून बघितलं तर गर्दीतली खूप माणसं वेगळ्याच कामासाठी आलेली दिसतात. एक वेल्डर पोरगा होल्डर शोधत होता. एक प्लंबर दोन पाइप-पान्यांचे दात अंगठ्यानं चाचपत होता. एका बाईंना पायाच्या शिलाई मशीनचं शटल हवं होतं आणि जुनं शटल रुमालात बांधून त्या मापाला घेऊन आल्या होत्या. एक सुतार रंध्याचं पातं नखावर टेकवून बघत होता. जुन्या पात्याला धार टिकते, असं त्याचं म्हणणं. या लोकांना वस्तू किती वर्षांची आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. ती चालते का, एवढंच. बाजार चालतो तो यांच्या जिवावर. आम्ही शौकीन लोक वरचे गिऱ्हाईक, आणि आमच्यासाठी भावही वरचा असतो.

शौकिनांसाठी खोटा मालही वेगळा बनतो. रामदरबाराचं तांब्याचं नाणं म्हणून विकला जाणारा तो प्रकार तुम्ही पाहिला असेल: एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. तरी त्या दिवशी एक गृहस्थ ते कपाळाला लावून विकत घेत होते. खरे चांदीचे रुपये ओळखायची रीत मामांची: किल्ल्यांच्या जुडग्यातला चुंबक. पंचम जॉर्जच्या रुपयाला तो चिकटत नाही. १९४७चा रुपया चांदीसारखा दिसतो, पण निकेलचा, तो पटकन चिकटतो. पितळी समयांनाही हीच परीक्षा. लोखंडावर मुलामा दिलेली समई चुंबकाला चिकटली, की विकणारा आकाशाकडं बघतो.

"शंभर वर्षं जुनं आहे ताई," हे तर दर पथारीवर ऐकू येतं. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा विकणाऱ्यांचं म्हणणं खरं नाही, हेच त्यांच्या दृष्टीनं बरं.

माझा वेळ जातो तो भांड्यांत. मोठे वाडे पडले, घरं दोन खोल्यांची झाली, आणि घंगाळं, बंब, सतेली, पराती माळ्यावरून थेट मोडीत गेली. त्यांतली चांगली कुणीतरी बाजूला काढतं आणि ती इथं येतात. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत असल्यामुळं प्रत्येक भांडं वाचता येतं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, "चि. सौ. कां." इथून सुरू होणारं, मधलं नाव घासून गेलेलं आणि शेवटी "मावशीकडून, १९५८" एवढं शाबूत. एका परातीवर मंडळाचं नाव आणि नंबर होता. म्हणजे ती कुठल्या तरी पंगतीतून परतच गेली नव्हती. कळशीवर एकाखाली एक दोन आडनावं होती, वरचं छिन्नीनं खोडलेलं. वाटण्या झाल्या असणार. मी हे सगळं वाचत बसते आणि विकणारी मावशी वैतागते. "घ्यायचं असलं तर वजन करते. वाचायचं असलं तर पेपर घे."

शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, आयुष्यभर अशाच घरगुती वस्तू गोळा केल्या. अडकित्त्यांच्या तिथल्या कपाटापुढं मी लहानपणी खूप वेळ उभी राहिले आहे. तिथं काचेमागं ज्या वस्तू आहेत त्यांचे चुलत भाऊबंद इथं गोणपाटावर पडलेले असतात. एक अडकित्ता मी हातात घेतला, मोराच्या घाटाचा, सुरेख. मामांनी मिटवून बघितला. पातं खालच्या बैठकीवर नीट बसत नव्हतं. "सुपारी नाही फुटायची." मी म्हटलं, मला सुपारी कुठं फोडायचीय. ते काही बोलले नाहीत, पण अडकित्ता परत चादरीवर ठेवला. मला तो पुन्हा उचलवेना.

घेतली ती एक तांब्याची तपेली. जड, आतून कल्हई उडालेली, पोटाला एक मोठा पोचा. नाव नव्हतं, म्हणून मावशीनं लवकर वजन केलं.

तिथून कसबा पेठेतली तांबट आळी चालत गाठता येते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. नाव आळीचं असलं तरी आता हातोडा चालवणारी घरं थोडीच राहिलीत. मठाराचं काम इथलं: घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं ओळीनं ठोके द्यायचे. त्यानं नक्षी उमटते आणि चकाकी येते, पण मुख्य म्हणजे मऊ तांबं टणक होतं. हल्ली ते ठोके लोकांना शोभेसाठी हवे असतात. पेन-स्टँड आणि दिव्यांच्या झुंबरांवरसुद्धा मठार दिसतो.

रविवार असूनही एकजण दाराशी काम करत बसले होते. मी तपेली पुढं केली. त्यांनी ती उलटी करून बुडाला टिचकी मारली, आत हात घालून पोचा चाचपला, काठ बोटांत धरून जाडी बघितली. जुनी आहे का, असं मी विचारलं.

"असेल," ते म्हणाले. "बूड जाड आहे. भात चांगला होईल."

मामा खूश झाले. पोचा निघेल का, त्यांनी विचारलं.

"निघेल. मंगळवारी आणा, दोनशे होतील. कल्हई त्यानंतर करा. आधी केलीत तर ठोकताना उडेल आणि तुम्ही मला बोलाल."