पेठ सुधारणार, पण पेठ कुणाची?



मागच्या महिन्यात आमच्या गावच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी बैठक बोलावली होती. विषय होता ‘पेठ सुधारणा’. मला बोलावणं नव्हतं. मी गेले ती मावशीमुळे. माझी मावशी बावीस वर्षं त्याच पेठेत, एका कापड दुकानाच्या पायरीखाली पाटी मांडून सुकट, बोंबील, जवळा विकते. बैठकीच्या आदल्या दिवशी तिला निरोप आला की आता इथं बसायचं नाही, रस्ता चांगला होणार आहे.

रस्ता चांगला होणार म्हणून माणसं उठवायची, ही भाषा आपल्या वस्त्यांना नवीन नाही. त्यामुळे मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण खरं सांगायचं तर तिथलं निम्मं बोलणं मला पटलं. उघडं गटार झाकायचं, दिवे लावायचे, दुचाक्यांना एका बाजूला पट्टा आखायचा, प्रत्येक दुकानाने महिना 200 रुपये काढून कचरा उचलायला एक माणूस ठेवायचा. गिऱ्हाईक मोबाईलवर माल मागवतं, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी मॉलला जातं. ते परत आणायचं तर एकट्याने काही होणार नाही, सगळ्यांनी मिळून करावं लागेल, असं एक वयस्कर भांडीवाले म्हणाले. यात चुकीचं काय आहे? सरकार येईल आणि करेल म्हणून हात बांधून बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अडचण पुढे आली. सभासदांची यादी वाचली गेली तेव्हा त्यात फक्त शटरवाले होते. कोथिंबीरवाली नाही, चप्पल शिवणारे काका नाहीत, अंड्याची गाडी नाही, मावशी नाही. त्यांचा उल्लेख झाला तो कामांच्या यादीत, गटार आणि मोकाट जनावरं यांच्या मधोमध, ‘अतिक्रमण’ या नावाने. बैठकीला तीसेक माणसं होती, सगळे पुरुष. पेठेत बायकांसाठी एकही मुतारी नाही, ही गोष्ट सुधारणेच्या यादीत नव्हती. दिवसभर पेठेत बसणाऱ्या बायकाच खोलीत नसतील तर ती यादीत कशी येणार?

मी उठून विचारलं, सभासद कोण होऊ शकतो? उत्तर आलं, “ताई, जो व्यवसाय करतो आणि वर्गणी भरतो तो.” 

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. तिने पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात नगरपालिकेच्या बाजार फीच्या पावत्या होत्या, वर्षावर्षाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. काहींची शाई उडालेली, काहींना बोंबलाचा वास. “आगं, माणूस पावती फाडतो तवा ठिवून देते. उद्या कुणी म्हणालं पैसं दिलं न्हाईत, तर?” अक्षर न येणाऱ्या बाईने कागद सांभाळले होते. मी एम.ए.ला समाजशास्त्र शिकले, पण माझी स्वतःची परीक्षेची पावती मला सापडत नाही.

आता हिशेब करा. तिची पावती रोजची 10 रुपयांची. वर्षातले 300 दिवस धरले तरी 3,000 रुपये. दुकानदारांची नवी वर्गणी महिना 200, म्हणजे वर्षाला 2,400. पेठेसाठी जास्त पैसे कोण भरतंय? मान्य, दुकानदार मालमत्ता कर, भाडं, वीजबिल वेगळं भरतो. मावशीचं भांडवल एका पाटीत मावतं, तरी पेठेला ती तिच्या ऐपतीच्या मानाने कितीतरी जास्त देते. आणि ‘व्यवसाय करतो आणि वर्गणी भरतो’ ही व्याख्या त्यांचीच होती.

अशा प्रकारचं पहिलं मोठं उदाहरण कॅनडातल्या टोरांटो शहरातलं आहे. ब्लूर स्ट्रीटवरच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक मेट्रो आणि मॉलमुळे आटलं, तेव्हा 1970 साली तिथे नियम झाला की हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाने रस्त्याच्या सुधारणेची वर्गणी भरायची. मग जगभर ही पद्धत पसरली. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की वर्गणी सगळ्यांवर, म्हणून सभासदही सगळे. आपल्याकडे वर्गणी सगळ्यांकडून घेतात आणि सभासदत्व शटर बघून देतात.

आपल्याकडे तर त्याहून चांगली सोय कायद्यातच आहे. पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा किती जणांनी वाचलाय? सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, असं कलम 3 सांगतं. नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. त्याच समितीत व्यापारी संघटनांनाही जागा आहे. म्हणजे कापड दुकानाचे शेठ आणि माझी मावशी एका टेबलाला बसतील, हे संसदेने लिहून ठेवलंय. पन्नास वर्षांपेक्षा जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. आमच्या पेठेत मावशीच्या सासूबाईही बसायच्या.

हे सगळं घेऊन मी आधी आपल्याच माणसाकडे गेले. पेठेत आपल्या समाजाचे दोन गाळे आहेत, त्यातलं एक मोबाईल दुरुस्तीचं. पोरगं हुशार, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतं. दुकानाचं नाव मात्र देवाचं, आडनाव पाटीवर नाही. मला म्हणाला, “ताई, तुमचं बरोबर आहे, पण बैठकीत जातीचा विषय काढू नका. माझं गिऱ्हाईक तुटेल.”

मला राग आला. घरी येईपर्यंत होता. मग आठवलं की परदेशातून शिकून आल्यावर खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, आणि सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर लोक यायचे थांबले. एवढ्या मोठ्या अर्थतज्ज्ञाचं गिऱ्हाईक जातीने तोडलं, तिथे या पोराने पाटीवरून आडनाव काढलं तर मी त्याला भित्रा कोणत्या तोंडाने म्हणू? त्याचं दुकान टिकलं पाहिजे. पण आपण बोलायचंच नाही हे मी मान्य केलं नाही, आणि तसं त्याला सांगितलं.

आपण सगळे गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट भाषणात सांगतो. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला त्यांनी हॉटेल काढलं, अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना, मग शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले. टाळ्या पडतात, आपण खाली बसतो. माझं लक्ष मात्र रस्त्याच्या नावाकडे जातं. ते हॉटेल वस्तीत नव्हतं, शहराच्या मुख्य रस्त्यावर होतं. महाराजांनी कांबळेंना वस्तीत दुकान काढून दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि बदललंही नसतं. आज महाराज नाहीत. कायदा आहे, पण कायदा स्वतःहून चहा प्यायला येत नाही.

पुढच्या बैठकीला मी, मावशी आणि चप्पलवाले काका असे तिघे गेलो. मावशी दाराशी थांबून हळूच म्हणाली, “खुर्चीवर बसायचं का खाली?” मी तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. पावत्यांची पिशवी तिच्या मांडीवर.

मी कायदा वाचून दाखवला. फारसा परिणाम झाला नाही. एकाने तर “कायदा आम्हालाही कळतो” असं सुनावलं. चित्र पालटलं ते बांगडीवाल्या चाचांमुळे. ते म्हणाले, गेल्या वर्षी पाहुणे मंत्री येणार म्हणून आठ दिवस पाटीवाल्यांना हटवलं होतं, तेव्हा माझा गल्ला निम्म्यावर आला. बायका भाजी घ्यायला येतात, मग बांगड्या बघतात. कापडवाले शेठ काही बोलले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. वासाचा मुद्दा मात्र निघाला, आणि तो खोटा नाही. सुक्या मासळीला वास येतो आणि शेजारी साड्या लटकलेल्या असतात. मावशीनेच तोडगा काढला: पेठेच्या टोकाला, जुन्या पाणपोईशेजारी, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटचा ओटा मिळाला तर मासळीवाल्या चौघी तिकडे सरकतील, पण पेठेच्या आतच, आणि ओटा झाल्याशिवाय नाही. मी आधी विरोधात होते. आज टोकाला, उद्या गावाबाहेर, हे आपण पाहिलेलं आहे. पण बसायचं तिला आहे, मला नाही.

ठराव अर्धाच झाला. पाटीवाल्यांचे दोन प्रतिनिधी बैठकीला येतील, पण मत देता येणार नाही, असं इतिवृत्तात लिहिलंय. मतावर भांडण बाकी आहे. मुतारीचा विषय यादीत आला, सातव्या क्रमांकावर. सर्वेक्षण करून पथविक्रेता समिती नेमावी असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिलाय आणि त्याची पोच घेतलीय. ती मावशीने मागून घेतली आणि पिशवीत ठेवली.

आमच्या वस्तीतली पोरं मोर्चाला शंभर येतात. पेठेतल्या प्रत्येक पाटीवाल्याचं नाव, किती वर्षं बसतो, पावती आहे का, हे वहीत लिहून आणायला मला आतापर्यंत दोघं मिळाले आहेत. गुरुवारी बाजार आहे, सकाळी सातला सुरुवात करतोय. आणखी चौघं लागतील.