आईचा कॉल

कामासाठी बारामतीत आले होते. घर इंदापुरात, एसटीने तासाभरावर. पण आईला कळवलंच नव्हतं. डेडलाइन, दुसरं काय!

लॉजवर मॉर्मन मिशनरींवरचा लेख लिहीत होते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी घर सोडायचं. मुलांनी दोन वर्षं, मुलींनी दीड. पांढरा शर्ट, नावाची पट्टी, सतत सोबत जोडीदार आणि दारोदार ऐकायचं ‘नको’. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळ आणि मदर्स डेला! १८५२ मध्ये मुंबईत उतरून पुढे पुण्यात आलेल्या ह्यू फिंडलेला तर बोटीने येणाऱ्या पत्रांचाच आधार.

तेवढ्यात आईचा कॉल. नेहमी कट करते. आज उचलला.

‘कुठंयस गं?’

‘बारामतीत.’

क्षणभर शांतता. मग, ‘भाकरी टाकू का?’