पारल्याचा पुडा

चहात बुडवलेले बिस्किट तुम्हांला आवडते ना? आज ते कोणत्याही टपरीवर मिळते. शंभर वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. गल्लीतल्या भट्टीत नानखटाई मिळे, पण डब्यातली बिस्किटे बहुतेक परदेशातून येत. ती गरिबाला परवडत नसत.

१९२९ साली मोहनलाल दयाल चौहान यांनी मुंबईत विलेपार्ले येथे छोटा कारखाना काढला. घरचीच माणसे कारभार पाहत. कामाला फक्त बारा जण होते. आरंभी तेथे गोळ्या-चॉकलेटे बनत. सुमारे दहा वर्षांनी ग्लुकोजची बिस्किटे बनू लागली, पुढे खारी मोनॅकोही आली. पारल्याचे नाव असे घरोघरी पोहोचले.

वाट सोपी नव्हती. १९४७ मध्ये फाळणीनंतर गव्हाची टंचाई झाली. तेव्हा कारखान्याने काही काळ जवाची बिस्किटे बनवली. पुढे इतर कारखानेही 'ग्लुकोज' नावाने बिस्किटे विकू लागले. म्हणून १९८० नंतरच्या काळात या बिस्किटाचे नाव 'पार्ले-जी' झाले. पुड्यावरची मुलगी कोण, असे पुष्कळ जण विचारतात. ती खरी मुलगी नाही. चित्रकाराने ती कल्पनेने काढली आहे.

मी त्या काळी लोकलने कामावर जात असे. पार्ले स्टेशन जवळ आले की बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरे. उभे राहून थकलेली माणसेही क्षणभर हसत. २०१६ मध्ये तो जुना कारखाना बंद झाला. बिस्किटे आता इतर ठिकाणी बनतात. नाव पारल्याचे राहिले, वास मात्र गेला.

हा धंदा एवढा वाढला कसा? मला वाटते, त्यांनी मजुराच्या हातातले नाणे ओळखले. पीठ, साखर, इंधन महाग झाले, तरी छोट्या पुड्याची किंमत अनेक वर्षे तीच ठेवली. मग खर्च कसा भागला? पुड्याचे वजन थोडे थोडे कमी होत गेले. किंमत तीच दिसते, बिस्किटे मात्र कमी मिळतात. याला फसवणूक म्हणावे का? वजन तर पुड्यावर छापलेले असते. ते वाचणे आपले काम आहे.

मित्रांनो, पुढच्या वेळी पुडा घ्याल तेव्हा किंमत पाहाच, पण शेजारी लिहिलेले वजनही वाचा.