आत्या, पाच सेकंद गप्प

आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, ती लाजेल, 'नको रे' म्हणेल. झालं उलटंच. मंगळवेढ्याकडची बाई, उभा जन्म जात्यावर ज्वारी दळलेली. एकदा सुरू झाली की थांबेना. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांतल्या काही ऐकून मला ही हौस आली होती. पण माझं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं, तर आत्याच्या मागे सतत 'श्शऽऽ'. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ निसटते ना, तसं.

पहिला संशय पंख्यावर. मे महिना, सोलापूर, पारा ४३ ला टेकलेला. पंखा बंद केला तेव्हा आत्यानं माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहीत नाही. घूं घूं गेली, श्श राहिलंच. मग घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी भिंतींवर टांगल्या. आवाज घुमायचा थांबला. श्श जागच्या जागी. बरोबरच आहे म्हणा. चादर खोलीतला प्रतिध्वनी पिते, माइकच्या सर्किटात जन्मलेल्या सळसळीचं ती काय करणार?

चूक माझीच होती. आत्या बुजू नये म्हणून माइक दोन हात लांब स्टुलावर ठेवला होता, आणि आवाज बारीक येतो म्हणून गेनचं बटण शेवटापर्यंत पिळलं होतं. गेन वाढवला की आवाजाबरोबर सर्किटाची सळसळही तितकीच फुगते. अंतर निम्मं केलं तर आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. दोन हातांवरून वितीवर आलं की दोनदा निम्मं, म्हणजे १२ डेसिबल फुकटात. (हा मोकळ्या जागेचा हिशेब, खोलीत थोडं कमी भरतं.) माइक वितीवर आणला, गेन उतरवला आणि श्श खरंच मागे सरकलं. फक्त आत्याचा 'प' आणि 'भ' माइकवर थाडकन आदळायला लागला, तेव्हा माइक तोंडासमोरून गालाशी, जरा तिरका केला.

उरलीसुरली सळसळ ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरनं काढायची म्हटलं. तिथे आधी नुसत्या शांततेचा तुकडा निवडून दाखवावा लागतो; त्यावरून ते खरखर ओळखतं आणि बाकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तितकी दाबतं. किती दाबायची, तो डेसिबलचा आकडा आपण ठरवायचा. मी हावरटासारखा ३० केला. श्श साफ! मोठ्या ऐटीत हेडफोन आत्याच्या कानाला लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाली, "कवळी काढून म्हटल्यासारखं वाटतंय की रे."

अगदी खरं होतं. 'स' आणि 'श' हेही शेवटी एक प्रकारचं फुसफुसणंच; सळसळ खाता खाता सॉफ्टवेअरनं तेही खाल्लं होतं, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत होता. आकडा ८ वर आणला. थोडं श्श राहिलं, आत्याचे दात परत आले.

पण हे सगळं ओव्यांमधल्या निसटत्या फटीवर भागवलेलं; खोलीच्या शांततेचा धड नमुना मिळेना. "आत्या, पाच सेकंद गप्प" म्हटलं की दोन सेकंदांत, "झाले का?" एकदा तर हिशेबाला बसली, की गप्पच बसवायचं होतं तर बोलावलंस कशाला.

शेवटी पहाटे साडेचारला बसलो. पंख्याविना सोसवेल असा तेवढाच वेळ. "दळायची हीच वेळ असते," आत्या म्हणाली, जणू मला आत्ता अक्कल आली. मी बटण दाबलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथं बोट दुमडलं आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झाला.

"आता?" तिनं पदराआडून विचारलं.

"आता परत पहिल्यापासून."