काय करून रायली?

रोज रात्री आठ-सव्वाआठला बाबांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवली का?" दुसराही ठरलेला, "काय करून रायली?"

पुण्यात नोकरीला लागून मला सात वर्षं झाली. या सात वर्षांत दुसऱ्या प्रश्नाला मी एकदाही "काही नाही" असं उत्तर दिलेलं नाही. भांडी घासतेय, कपड्यांच्या घड्या घालतेय, ऑफिसचा कॉल आहे, असं काहीतरी सांगते. सोफ्यावर आडवी पडून रील्स बघत असले तरी फोन उचलताना उठून बसते. आमच्या घरात 'रिकामं' हा शब्द शिवीसारखा वापरतात. "रिकामी बसली काय वं?" असं आजीनं म्हटलं की हातात झाडू आपोआप यायचा.

२०२३ च्या नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी मात्र गोची झाली. फोन वाजला तेव्हा मी दिवेआगरच्या वाळूत अनवाणी उभी होते.

"काय करून रायली?"

"ऑफिसचं काम आहे बाबा. थोडं उरलंय."

"एवढा आवाज कायचा येऊन रायला?"

"एसीचा."

शेजारी उभा असलेला नवरा माझ्याकडे बघतच राहिला. तो काही बोलला नाही, पण मला त्याचा चेहरा दिसला होता.

आम्ही दोघंही यवतमाळ जिल्ह्यातले. माझं गाव दारव्हा तालुक्यात. सात एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. नवरा वणीचा, वडील कोळसा खाणीत नोकरीला. पुसदला इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गात होतो, त्यामुळे लग्न जमलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, एकाच जिल्ह्याचे आहेत, फरक तो काय असणार?

फरक मला त्यांच्या घरचा अल्बम बघताना कळला. कन्याकुमारी, जगन्नाथपुरी, म्हैसूरचा राजवाडा. दर दोन-चार वर्षांनी सगळं कुटुंब कुठंतरी उभं राहून हसतंय. "एलटीसीवर गेलो होतो," सासूबाई सहज म्हणाल्या. मला वाटलं, एलटीसी म्हणजे एखादी ट्रेन असेल. फिरायला जावं म्हणून कंपनी रजा देते आणि वर प्रवासाचे पैसेही देते, हे मला चोविसाव्या वर्षी समजलं. आमच्या घरी फोटो निघायचे ते लग्नात. वावराला रजेचा अर्ज देता येत नाही. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, डवरणी, फवारणी, दसऱ्याच्या आसपास सीतादही करून पहिली वेचणी, मग दुसरी, तिसरी. बैल असतील तर उन्हाळ्यातही घर सोडता येत नाही.

दिवेआगरचं ठरलं ते नवऱ्यामुळे. त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज दीड महिना लांबलं होतं. एका रात्री दोन वाजता तो झोपेत स्पष्ट आवाजात म्हणाला, "रोलबॅक कर, रोलबॅक कर." आधी मी हसले. मग लाईट लावून पाहिलं तर त्याचा टी-शर्ट घामानं भिजला होता. सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, मंगळवारची एक रजा टाकली. चार दिवस. त्याची एकच अट होती. काहीच करायचं नाही.

मला एक खोड आहे. मी प्रत्येक खर्च मनातल्या मनात कापसात मोजते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता, आणि गावात येणारा व्यापारी त्याच्या खालीच मागत होता. पेट्रोल, खोली, जेवण धरून आमच्या सहलीचा अंदाज बारा हजारांचा होता. म्हणजे एक क्विंटल सत्तर किलो. ताम्हिणी घाटाची वळणं उतरताना नवरा गाणी लावत होता आणि मी हिशोब करत होते की एवढा कापूस वेचायला आईला किती दिवस वाकावं लागेल. माणगावला वडापाव खाल्ला, म्हसळा गेलं, बोर्ली पंचतन गेलं आणि सुरूच्या झाडांमागून एकदम समुद्र आला.

मी त्याआधी समुद्र एकदाच पाहिला होता. मुंबईला इंटरव्ह्यूला गेले होते तेव्हा, मरीन ड्राइव्हवर, हातात सर्टिफिकेटांची फाईल घेऊन, दहा मिनिटं. आईबाबांनी तर पाहिलेलाच नाही. गंमत म्हणजे आमच्या कापसानं पाहिलाय. दारव्ह्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे जायची. तो अरुंद रूळ इंग्रजांच्या काळात टाकला गेला तो इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी. तिथून तो जहाजानं विलायतेतल्या गिरण्यांत जायचा. म्हणजे माझ्या पणजोबांच्या पिढीनं वेचलेला कापूस समुद्र ओलांडून गेला आणि वेचणारे तिथंच राहिले. गाडी आता बंद आहे. लहानपणी मी त्या रुळांवरून तोल सांभाळत चालायचे, तेव्हा हे रूळ कुठं जातात असा प्रश्न पडला नव्हता.

आम्ही एका वाडीत उतरलो होतो. घर चालवणारे काका-काकू साठीच्या पुढचे. पडवीत झोपाळा, मागं नारळ आणि पोफळी. रविवारी सकाळी काकांनी वाडी दाखवली. मला जाणवलं ते ऊन. पोफळीच्या वाडीत गार काळोख असतो असं वाचलं होतं, इथं लख्ख उजेड होता. मधेमधे केळी आणि कमरेएवढी रोपं.

"तुम्ही आधी यायला हवं होतं," काका म्हणाले. "वादळाआधी."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, त्यावर इथल्या कित्येक घरांचं वर्ष निघायचं. पोफळ उंच आणि काठीसारखी बारीक. दुपारच्या काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. "माझ्या आजोबांनी लावलेली झाडं होती," काका म्हणाले. "वारा थांबल्यावर मागचं दार उघडलं, तर वाडीतून समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता." हे सांगताना त्यांचा आवाज बातमी वाचल्यासारखा सपाट होता.

परत आल्यावर मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, फक्त मेल बघते. मग एक तिकीट दिसलं, मग दुसरं. दीड तासानं नवरा पोहून आला आणि दारात थांबला.

"आपलं ठरलं होतं."

"पाच मिनिटं."

"तुला इथं राहायचंच नाहीये. काल आल्यापासून तू कुणाची तरी माफी मागितल्यासारखी वागतेयस. काकूंनी मोदक वाढले तर तू भांडी घासायला उठलीस. कुणाची माफी मागतेयस, तेवढं सांग."

मी नको ते बोलले. "तुला नाही कळणार. तुझ्या बाबांना पगारी रजा होती."

तो टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "होती. खाणीत बत्तीस वर्षं घालवली त्यांनी, वर्षातनं दहा दिवस उजेडात फिरवून आणायचे आम्हाला. त्याची लाज मी का बाळगू?"

लग्नाच्या दोन वर्षांत आम्ही पैशांवरून भांडलो होतो, घरकामावरून भांडलो होतो. विश्रांतीवरून भांडण होऊ शकतं हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही चार किलोमीटरचा सगळा किनारा न बोलता चाललो. हा इकडे, मी तिकडे, मधे एक कुत्रं.

सोमवारी आभाळ भरून आलं. राज्यभर अवकाळी पावसाचा इशारा होता. माझं लक्ष मोबाईलवरच्या ढगांच्या नकाशावर. रात्री आठला आम्ही पडवीत जेवायला बसलो होतो, काकू वाढत होत्या. फोन वाजला. हात उष्टा होता म्हणून स्पीकरवर टाकला.

"जेवली का?"

"जेवतेच आहे. तिकडं पाऊस आहे का बाबा?"

"आला. दुपारपासून धरून हाये. दुसऱ्या वेचणीचा सारा कापूस झाडावरच होता. उद्या बाया येणार होत्या." थोडा वेळ नुसता तिकडचा पाऊस ऐकू आला. "सारा वल्ला झाला. जाऊ दे. तू काय करून रायली?"

एसी, कॉल, भांडी, सगळी उत्तरं तयार होती. नवरा ताटात बघत होता.

"काही नाही करत बाबा," मी म्हटलं. "आम्ही समुद्रावर आलोय. शनिवारीच आलो. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तिकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"कोणत्या समुद्रावर?"

"दिवेआगर. रायगड जिल्ह्यात."

"तठी काय पिकते?"

हा प्रश्न मी कुठल्याही तयारीत धरलेला नव्हता. मी काही बोलायच्या आत काका झोपाळ्यावरून उठून फोनजवळ आले. "नमस्कार साहेब. दिवेआगरहून बोलतोय. तुमची लेक-जावई आमच्याकडेच आहेत. सुपारी पिकते आमच्याकडे. म्हणजे, पिकायची. कापूस भिजला का हो?"

पुढची पंचवीस मिनिटं फोन आमचा राहिला नाही. बाबा सांगत होते की भिजलेला कापूस लगेच वेचता येत नाही, ऊन पडून झाडावरच वाळू द्यावा लागतो, तोवर पिवळा पडतो, निम्मी बोंडं सडतात, आणि व्यापारी मूठभर हातात घेऊन नाक मुरडते. काका सांगत होते की पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायची, तिच्या सावलीत रोप वाढवायचं. बाबांना हे फार आवडलं. "आमीबी पऱ्हाटीत तुरीचे तास घालतो," ते म्हणाले, "पण सावलीसाठी नाई, घरी वरण पाह्यजे म्हणून." काकांनी इथल्या सुवर्णगणेशाची गोष्ट सांगितली. १९९७ साली एका वाडीत खोदताना तांब्याची पेटी लागली, त्यात सोन्याचा गणपती. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा बसवला. बाबा म्हणाले, "आमच्या वावरात खोदलं तं गोटेच निघते भाऊ."

मग वादळाचा विषय निघाला. काकांनी सगळं सांगितलं. बाबांनी मधे एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"मंग काय केलं तुम्ही?"

"लावली परत."

"किती वर्सं लागते धरायले?"

"सहा-सात."

बाबा थोडा वेळ गप्प होते. "आमचं बरं हाये मंग," ते म्हणाले. "सहा महिन्यांत समजते बुडालो का नाई."

आणि दोघंही हसले. मोठ्यानं, पार खोकला येईपर्यंत. काकू हातात आमटीचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. कापूस भिजलेल्या रात्री माझे बाबा असे हसले होते का कधी, मला आठवेना. कदाचित हसले असतील. मी त्यांना फक्त कामाबद्दल विचारत आले होते. ते मला जसं विचारतात तसंच.

फोन ठेवण्याआधी ते मला म्हणाले, "आता गेलेच तं पाहून घ्या नीट. तू अठी असती तरी काय, कापूस वाळवला असता काय?"

मंगळवारी सकाळी आम्ही निघण्याआधी तासभर वाळूत बसलो. नवऱ्याला मी "सॉरी" म्हटलं नाही, त्यानंही मागितलं नाही. त्यानं एका शहाळ्यात दोन स्ट्रॉ घातल्या. भरतीचं पाणी पायापर्यंत यायचं, वाळू ओढून न्यायचं. शहाळ्याचे किती किलो होतात हे मी सवयीनं मोजायला घेतलं आणि मधेच विसरले.

कापूस पुढे आठवडाभरानं वाळला. पिवळा पडलाच, भावही पडला. आईची तिसरी वेचणी नेहमीपेक्षा हलकी भरली. आमच्या सहलीनं त्यात एक बोंडही कमी-जास्त झालं नाही. हे गणित मला आधीही येत होतं, पण पटलं नव्हतं.

पुण्याला पोचलो त्या रात्री आठ वाजता फोन आला. जेवली का, झालं. मग नेहमीचा प्रश्न.

"बसली आहे," मी म्हटलं. पाय खरंच सोफ्यावर होते.

"बस."

मग त्यांनी दारव्ह्याच्या बाजारातले भाव सांगितले, शेजाऱ्याची म्हैस व्याल्याचं सांगितलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाले, "त्या भाऊले विचारजो, ते केळीचं रोप किती अंतरावर लावते."

"विचारते."

"आन् आइक," ते म्हणाले. "मे महिन्यात वावर रिकामंच रायते."

एवढं बोलून त्यांनी आईकडे फोन दिला.