गोड गोळी आणि उरलेले दात

सासूबाईंना मधुमेह निघाला आणि चहात साखरेऐवजी गोळी आली. ती त्यांना कडवट लागे. मग शेजारणींचा सल्ला, “गूळ घाला, मध घाला!” अहो, पण रक्ताला काय नि दातांना काय, गूळ म्हणजे साखरच! दातांवरचे जंतू गुळा-मधावरही खूश. ते खाऊन आम्ल सोडतात आणि दात किडतो. सॅकरीन त्यांना पचत नाही, झायलिटॉलही नाही. फिनलंडमध्ये तुर्कू इथं १९७०च्या दशकात साखरेऐवजी झायलिटॉल देऊन पाहिलं. दोन वर्षांत त्या मंडळींचे दात साखरवाल्यांपेक्षा कितीतरी कमी किडले.

तेव्हा गोळीच बरी, असं मी ठरवलं. पण मधुमेहात तोंड कोरडं पडतं, म्हणून सासूबाई ‘शुगर फ्री’ लिंबाच्या गोळ्या दिवसभर चघळू लागल्या. “साखर नाही ना त्यात?” साखर नाही, पण लिंबाचं आम्ल आहेच. त्यानं दातांचं वरचं कवच झिजतं, जंतू लागतातच कशाला? त्यातून तोंडात लाळ कमी, म्हणजे ते आम्ल धुवायलाही कोणी नाही.

खालचे सहा दात उरलेत त्यांचे. भाकरी त्यांच्यावरच चालते. गोळ्यांची बाटली मी काढून घेतली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी!