फाल्गुनातले रान, आषाढातले अंगण

भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन यात्रेकरू फाल्गुनात ताडोब्याकडे वळतात, तेव्हा फुले दिसतात ती सारी माथ्यावर. पर्णहीन पळस केशरी झालेला, काटेसावर लाल, आणि पहाटे मोहाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा. जमिनीवर मात्र सागाचा पाचोळा. तिथे उमललेले फूल क्वचितच सापडते.

थंड देशांतील पानगळीच्या रानांत निराळे घडते. झाडांना पालवी फुटण्याआधी ऊन तळापर्यंत पोचते, मातीत वितळलेल्या बर्फाची ओल असते आणि इवलाली रानफुले तेवढ्या मुदतीत फुलून घेतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातही चैत्रात ऊन तळाशी पोचते; नसते ते पाणी. म्हणून इथल्या मातीचा वसंत आषाढात येतो. पाऊस पडला की काळी मुसळी जमिनीलगत पिवळ्या चांदण्या उघडते. मागोमाग सफेद मुसळीचे तुरे, आणि पानांच्या टोकांनी झुडपांना धरून चढणारी कळलावी. तोवर सागाची सावली पुन्हा दाट झालेली असते.

अंगणातल्या आंब्याखाली हे रान रुजवायचे, तर त्याचे वेळापत्रक पाळावे लागते. पाणी न साचणारी, कुजलेला पाचोळा मिसळलेली माती हवी. पाने सुकली की पाणी बंद. उन्हाळ्यात रिकाम्या वाफ्याची कीव येऊन पाणी घातले, तर निजलेले कंद कुजतात. कळलावी सर्वांगी विषारी; लहान मुले वा गुरे असलेल्या घरी ती नकोच. आणि रानातले कंद खणून आणू नयेत. औषधी मुळ्यांसाठी मुसळ्यांची खोदाई आधीच पुष्कळ झाली आहे. लागवडीतले रोप किंवा बी घ्यावे. कंदमूळ ताटात वर्ज्य मानणाऱ्या घरांनाही ते मातीत जिवंत राखायला अडचण नसावी.

रानातल्या बियांना दुसरे भय आगीचे. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग कधी हाताबाहेर जाते. खोलवरचा कंद वाचतो, वरचे बी जळते. वेचणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्या फुलांवर त्याच्या घरचा उन्हाळा निघतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा जंगल राखत आली आहे. पाचोळा झाडून बाजूला सारला, किंवा मोहाखाली जाळी बांधली, तर काडी लावावी लागत नाही. जाळीतली फुले मातीला लागत नाहीत, आणि वाळवल्यावर स्वच्छ राहतात.